सायलेन्सर काढला, पण नेमकं काय काढलं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक अमेरिकन मोटारींमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी एक छोटं पेडल किंवा हाताशी एक दांडा असे. त्याला ‘कटआउट’ म्हणत. तो उघडला की इंजिनातला धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडायचा. चढ लागला की कटआउट उघडायचा, गावात शिरताना बंद करायचा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लोकांना तो गावातच उघडायला आवडायचा. शेवटी एकेका शहराने नियम करून कटआउटवर बंदी आणली.

म्हणजे कंपनी फिटेड सायलेन्सर नकोसा वाटणं हे काही रील्सच्या पिढीचं खूळ नाही. ते मोटारीइतकंच जुनं आहे. फक्त मधल्या काळात गाडीखालची ती नळी बदलली. १९१० साली सायलेन्सर काढणारा माणूस फक्त शांतता काढत होता. आजचा माणूस काय काढतो, हे समजायला त्या नळीचा इतिहास बघावा लागतो.

आधी फक्त आवाज होता

इंजिनाचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाबाखाली असतो. तो एकदम सुटतो आणि दाबाची एक लाट नळीतून धावत जाते. मिनिटाला हजारो वेळा हे घडतं. आपल्याला ऐकू येणारा फटफटाट म्हणजे या लाटांची रांग.

सायलेन्सर या लाटांना दोन प्रकारे गप्प करतो. एक, पोकळ खण आणि भोकं असलेल्या नळ्या. त्यांत लाट आपटून परत येते आणि समोरून येणाऱ्या लाटेला बरीचशी मारते. दुसरा, काचेच्या तंतूंचं भरण, ज्यात आवाज मुरतो. अमेरिकेतल्या रीव्ह्ज बंधूंच्या एग्झॉस्ट मफलरचं पेटंट १८९७ सालचं आहे. पुढे हायरम पर्सी मॅक्झिम या अभियंत्याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या कंपनीने इंजिनांचे सायलेन्सरही बनवले. गंमत म्हणजे मॅक्झिम मशीनगन बनवणारा तो याचा बाप. अमेरिकन लोक मात्र गाडीच्या नळीला ‘मफलर’च म्हणत राहिले. आपण ‘सायलेन्सर’ म्हणतो, कारण आपल्याकडे मोटारीची भाषा इंग्रजांकडून आली.

या शांततेची किंमत होती. वायूला वळणावळणाने जावं लागलं की इंजिनाला तो ढकलायला जोर लावावा लागतो. यालाच मेकॅनिक ‘बॅकप्रेशर’ म्हणतात. जुने सायलेन्सर अरुंद आणि ओबडधोबड असत. त्यामुळे तो काढला की गाडी जास्त पळते, हा समज त्या काळात बऱ्यापैकी खरा होता.

कोरड्या तळ्यांवरची पोरं

या समजाचा धंदा झाला दक्षिण कॅलिफोर्नियात. तिथे वाळवंटात म्युरॉकसारखी कोरडी तळी आहेत. मैलोनमैल सपाट, कडक जमीन. १९३० च्या दशकात तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन, मडगार्ड वगैरे वजन काढून तिथे शर्यती लावायची. १९३७ साली त्यांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटनाही काढली.

याच जगातून ‘लेक्स पाइप’ नावाची नळी आली. तिच्या तोंडाला झाकण असे. शहरात झाकण लावून सायलेन्सरमधून धूर सोडायचा, तळ्यावर गेलं की झाकण काढायचं. कटआउटचाच हा धाकटा भाऊ. आवाज कुठे करायचा आणि कुठे नाही, हा फरक त्या झाकणात होता.

१९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघालं. १९६३ साली गाडीचे वेगवान सुटे भाग बनवणाऱ्यांनी सेमा ही संघटना स्थापन केली. आज ज्याला आपण ‘आफ्टरमार्केट’ म्हणतो, त्या बाजाराचा मोठा भाग या पोरांच्या गॅरेजमधून उभा राहिला.

त्यांच्या प्रयोगांत खरं शास्त्रही होतं. नळीची लांबी आणि व्यास नीट जुळला, तर निघून जाणारी एक लाट मागच्या सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते. टू-स्ट्रोक इंजिनात तर एग्झॉस्ट हा इंजिनाचाच अर्धा भाग. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन याने पोट फुगलेली ‘एक्सपान्शन चेंबर’ नळी कसाला लावली. १९६१ साली त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेत गेला आणि ते ज्ञान सुझुकीकडे पोचलं. आपल्याकडे यामाहा आरएक्स १०० ला पोटफुगी नळी लावणाऱ्यांच्या हातात याच वंशातली वस्तू असते.

इथपर्यंत भांडण सरळ होतं. एकाची मजा, शेजाऱ्याची झोप. मग त्याच कॅलिफोर्नियात हवा बिघडली.

नळीत आलेला पाहुणा

१९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असं दाट, डोळे झोंबणारं धुकं पसरलं की काहींना हा जपानी वायुहल्ला वाटला. हे कशाचं धुकं, ते कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मित या रसायनतज्ज्ञाने शोधलं. तो आधी अननसाच्या वासातली रसायनं वेगळी करत होता. तेच कसब त्याने शहराच्या हवेवर वापरलं. गाड्यांतून निघणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. मोटार कंपन्यांना हे पटायला बराच काळ गेला.

उपायही तेव्हाच निघाला होता. यूजीन हूद्री हा फ्रेंच अभियंता अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर काम करत होता. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असे, आणि शिशाने कॅटॅलिस्ट मरतो. म्हणून ती कल्पना पडून राहिली. १९७० च्या अमेरिकन क्लीन एअर कायद्याने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, तेव्हा कुठे चाकं फिरली. १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकन गाड्यांत कन्व्हर्टर आला आणि त्याच्यासाठी पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं.

कन्व्हर्टर म्हणजे सिरॅमिकचं मधाचं पोळं. त्याच्या बारीक भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. पुढे एकाच पोळ्यात तिन्ही विषारी वायू हाताळणारा ‘थ्री-वे’ कन्व्हर्टर आला. त्याला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी काटेकोर लागतं. म्हणून नळीत ऑक्सिजन सेन्सर बसला, आणि सेन्सरचं ऐकायला कॉम्प्युटर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर नळी आता फीडबॅक लूपचा भाग झाली. सायलेन्सर काढणारा माणूस नकळत चालू सिस्टिममधला एक मॉड्युल उपटू लागला.

रेघ कुठे मारायची?

लोकांनी उपटलाही. कन्व्हर्टरच्या जागी साधी नळी टाकायची, तिला कागदोपत्री नाव ‘टेस्ट पाइप’. शिसंवालं पेट्रोल स्वस्त होतं. ते जाऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंड अरुंद केलं होतं, तर लोक नरसाळं वापरत. १९७७ च्या दुरुस्तीने गॅरेजवाल्यांना ही छेडछाड करायला बंदी झाली. गाडीच्या मालकाला स्वतःला बंदी व्हायला १९९० साल उजाडलं.

हा उशीर मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरात, आपल्या पान्याने, आपली गाडी खोलणाऱ्या माणसाला कायदा सहजासहजी हात लावत नाही, आणि लावूही नये. विकत घेतलेलं यंत्र उघडून बघायचा हक्क मोठा आहे. माझ्या पिढीने तो फोन रूट करताना शिकला. पण रूट केलेला फोन बिघडला तर माझाच बिघडतो. धूर माझ्या बंपरपाशी संपत नाही.

या पेचातून बाजाराने एक सोय काढली: ‘कॅट-बॅक’. कन्व्हर्टरला हात न लावता त्याच्या मागची नळी आणि सायलेन्सर तेवढे बदलायचे. काम तसं सोपं असतं. गंजलेल्या बोल्टवर तेल मारून थांबायचं, रबरी हँगर ओढून काढायचे, जुनी नळी उतरवून नवी चढवायची. ताकद फारशी वाढत नाही, कारण आजकाल कंपन्याच नळ्या नीट बनवतात. बदलतो तो मुख्यतः आवाज. त्यावर मर्यादा आहेतच, पण फुप्फुसांचा प्रश्न येत नाही.

जागच्या जागी राहिलेली नळी

मग २०१५ चा सप्टेंबर आला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक युक्ती सापडली. स्टिअरिंग, वेग, वेळ यांवरून गाडी ओळखायची की आपली चाचणी चालू आहे. चाचणीत धूर साफ करायचा, रस्त्यावर साफसफाई ढिली सोडायची. अमेरिकन पर्यावरण संस्थेच्या म्हणण्यानुसार रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होता. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

एकही बोल्ट न उघडता, खुद्द कंपनीनेच कंपनी फिटेड एग्झॉस्ट निकामी केला होता. त्या कोडचा कुणीतरी रिव्ह्यू केला असेल, कुणीतरी तो मर्ज केला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पण ‘कंपन्याच चोर, मग मीच का पाळू’ हा युक्तिवादही टिकत नाही. त्याच संस्थेने २०२० साली मांडलेल्या हिशेबात अमेरिकेत दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपवरची धूर-यंत्रणा मालकांनी काढली होती.

आपल्याकडे

१ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २००० साली शिसंवालं पेट्रोल देशभरात बंद झालं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तरी आपल्या डोळ्यांसमोर येतं ते एकच दृश्य: रस्त्यावर मांडलेली बुलेटच्या सायलेन्सरची रांग आणि त्यावरून जाणारा रोडरोलर. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी हे केलंय. कर्कश आवाजाचा त्रास खराच आहे. पण ती कारवाई १९१० सालच्या गुन्ह्यावरची आहे. १९७५ नंतरचा गुन्हा कानाला ऐकूच येत नाही. कन्व्हर्टर काढून मागे चांगला सायलेन्सर ठेवला, तर गाडी चौकातून गुपचूप निघून जाते. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. शिवाय काढलेल्या कन्व्हर्टरला आतल्या धातूंमुळे भंगारातही चांगला भाव येतो.

दरम्यान आवाजाची हौस धुरापासून सुटी होऊ लागली आहे. काही गाड्या आज इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरवर वाजवतात. डॉज कंपनीने २०२२ साली इलेक्ट्रिक चार्जर डेटोना दाखवली, तेव्हा १२६ डेसिबलचा ‘एग्झॉस्ट’ असल्याचा दावा केला. धूर शून्य, नळीची गरज शून्य, तरी गर्जना हवीच. कटआउटपासूनची ती ओढ इंजिनाबरोबर मरणार नाही असं दिसतं.

म्हणून हौस करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण गाडी लिफ्टवर चढली की मेकॅनिकला एक प्रश्न आधी विचारायला हवा: “कापणार कुठून?” कन्व्हर्टरच्या मागून असेल, तर वाद आरटीओशी आणि शेजाऱ्याच्या झोपेशी आहे. पुढून असेल, तर तो सिग्नलला मागे थांबलेल्या स्कूटरवरच्या शाळकरी पोराच्या फुप्फुसांशी आहे, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.