झोपेची मापं

२००४ च्या पावसाळ्यात एका छापखान्यात लिनक्सवर काम करत होतो. फायली दुसऱ्या संगणकावर, एनएफएसने जोडलेल्या. तो संगणक बंद पडला आणि माझा एक प्रोग्रॅम जागीच गोठला. ‘किल -९’ या शेवटच्या अस्त्रानेही तो मरेना. शेवटी मशीन बंद केलं. त्याच मशीनवर रात्रभर चाललेलं दुसरं काम वाया गेलं. तो मरत का नव्हता, हे शोधताना मी कर्नलच्या जुन्या आवृत्त्या वाचू लागलो.

१९९१ च्या ०.०१ आवृत्तीत लिनुस टोरवाल्ड्स यांनी प्रक्रियेच्या अवस्थांना हजेरीपटासारखे क्रमांक दिले होते: चालू ०, सावध झोप १, गाढ झोप २, झोंबी ३, थांबलेली ४. सावध झोप सिग्नलने मोडते. गाढ झोप अपेक्षित घटना घडल्यावरच. माझा प्रोग्रॅम गाढ झोपेत होता.

२००१ च्या २.४ आवृत्तीत मात्र झोंबी ४ वर आणि थांबलेली ८ वर दिसते. क्रमांकांची मापं झाली होती. आपल्याकडे दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. तशी ही दुपटीची मापं. त्यांच्या कोणत्याही बेरजेतून कोणती मापं वापरली ते नेमकं ओळखता येतं. ३ म्हणजे आता झोंबी नव्हे, तर ‘१ किंवा २, कुठलीही झोप’. उठवणारा असा मुखवटा घेऊन येतो; प्रक्रियेच्या अवस्थेशी एक जरी बिट जुळला, तरी ती उठते.

याचं फळ २००८ च्या २.६.२५ आवृत्तीत मिळालं. मॅथ्यू विल्कॉक्स यांनी १२८ हा नवा बिट आणला. १२८ आणि २ मिळून १३०: गाढ, पण मारता येणारी झोप. साध्या सिग्नलचा मुखवटा १. तो १३० शी जुळत नाही. घटनेचा मुखवटा ३. तो २ पाशी जुळतो. प्राणघातक सिग्नलचा १२९. तो १२८ पाशी जुळतो. यात धोकाही नाही, कारण मरणारा प्रोग्रॅम अर्धवट राहिलेलं काम पाहायला परततच नाही. एनएफएसच्या वाट पाहण्यालाही हीच झोप मिळाली.

माझी ती रात्र काही परत येणार नाही. पण हजेरीपटाचे क्रमांक तसेच राहिले असते, तर ‘गाढ, तरी मारता येणारी’ ही अवस्था एका बेरजेत मांडता आली नसती. इतिहासात पुष्कळदा असंच होतं: आधी मोजण्याची रीत बदलते, सुटकेची वाट नंतर सापडते.