कागदावरचा कुत्रा

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी कविसंमेलनासाठी गेलो होतो. सकाळ मोकळी होती. जवळच्या शाळेच्या मैदानावर श्वान प्रदर्शन भरले होते, म्हणून यजमान मला तिकडे घेऊन गेले. मांडव, लाउडस्पीकर, दोऱ्या बांधून केलेले रिंगण आणि रिंगणात नुकतीच आंघोळ घातलेली लॅब्राडॉर, अल्सेशियन, पामेरियन मंडळी. फाटकापाशी एक धनगर उभा होता. त्याच्या हातातल्या दोरीला एक कारवानी कुत्रा बांधलेला होता. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, पोट आत ओढलेला. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारले, "कागद आहेत का?" धनगर म्हणाला, "कागद कुठला आणू मालक? कुत्रं हाय की समोर."

गृहस्थ हसले. कुत्रा बाहेरच राहिला. नियमाने पाहिले तर गृहस्थांचे काही चुकले नव्हते. पण तो प्रश्न माझ्या मनात रेंगाळला. कुत्रा समोर असताना कागद कशाला लागतो? याचे उत्तर शोधायचे तर दीडशे वर्षे मागे, इंग्लंडात जावे लागते.

जून 1859 मध्ये न्यूकॅसल गावी टाउन हॉलमध्ये दोन दिवस कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. आधुनिक श्वान प्रदर्शनांची सुरुवात सहसा इथूनच मानतात. जेमतेम साठ कुत्री आली होती आणि जाती दोनच होत्या, पॉइंटर आणि सेटर. दोन्ही शिकाऱ्यांचे सोबती. पक्षी कुठे दडला आहे हे वासाने ओळखून जागीच थबकायचे आणि मालकाला दाखवायचे, हे त्यांचे काम. बक्षिसे होती बंदुका! म्हणजे परीक्षक शिकारी, स्पर्धक शिकारी आणि बक्षीसही शिकारीचेच. अशा ठिकाणी 'चांगला कुत्रा कोणता' हे कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. रानात दिवसभर टिकेल तो चांगला.

अडचण पुढे आली. प्रदर्शने वाढली, इतर जाती आल्या, शहरातली हौशी माणसे आली. रान न पाहिलेल्या कुत्र्याला रान न पाहिलेल्या माणसाने जोखायचे तर कशावरून? मग वर्णने लिहिली जाऊ लागली. जॉन हेन्री वॉल्श हे मूळचे डॉक्टर, पुढे 'द फील्ड' या शिकार आणि मैदानी छंदांच्या नियतकालिकाचे संपादक झाले. 'स्टोनहेंज' या टोपणनावाने ते लिहीत. 1867 साली त्यांनी 'डॉग्ज ऑफ द ब्रिटिश आयलंड्स' हे पुस्तक काढले. त्यात प्रत्येक जातीच्या डोक्याला, मानेला, छातीला, पायांना, शेपटीला वेगवेगळे गुण ठरवून दिले होते. परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखेच. यालाच आज 'ब्रीड स्टँडर्ड' म्हणतात, म्हणजे जातीचे मानक.

1873 मध्ये सेवॉलिस शर्ली यांच्या पुढाकाराने लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. पुढच्याच वर्षी क्लबने कुत्र्यांची वंशावळ छापली. 1859 पासूनच्या प्रदर्शनांत उतरलेल्या 4,027 कुत्र्यांच्या नोंदी त्यात होत्या. जाती चाळीस, आणि त्यांचे गट फक्त दोन: शिकारीचे आणि बिनशिकारीचे. एकाच नावाची इतकी कुत्री निघत की कोणता कुत्रा कोणाचा हे कळेना. म्हणून 1880 पासून नावाची नोंदणी सुरू झाली. कुत्र्याला कागद मिळाला तो असा. तो कागद सांगू लागला की याचे आईबाप कोण, आजे-पणजे कोण. आपल्या भाषेत 'ब्रीड'लाही आपण जातच म्हणतो, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

दोन गटांचे पुढे सात झाले. आजच्या ब्रिटिश पद्धतीत हाउंड म्हणजे नजरेने किंवा वासाने माग काढणारे, गनडॉग म्हणजे बंदुकीचे सोबती, टेरियर म्हणजे बिळात घुसून उंदीर-कोल्हे काढणारे, वर्किंग म्हणजे राखणीचे आणि ओढकामाचे, पॅस्टोरल म्हणजे गुराढोरांचे, टॉय म्हणजे मांडीवरचे, आणि सातवा गट युटिलिटी. या सातव्याचे नाव भारदस्त असले तरी इतर सहांत न बसणाऱ्यांची ती जागा आहे. कोणताही तक्ता करा, शेवटी 'इतर' असा एक रकाना ठेवावाच लागतो!

हे गट कामावरून पडले आहेत, पण त्या रेघा माणसाने ओढलेल्या आहेत. अमेरिकेतही गट सातच, तरी विभागणी वेगळी. तिथे गुरे राखणारे कुत्रे 1983 साली वर्किंग गटातून वेगळे काढले, ब्रिटनमध्ये हीच फारकत 1999 साली झाली. 1911 साली युरोपातल्या पाच देशांनी मिळून एफसीआय नावाची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. तिच्या पद्धतीत गट दहा आहेत आणि त्यातला एक अख्खा गट एकट्या डॅशहुंडचा आहे. ठिपक्यांचा डाल्मेशियन पाहा. एकेकाळी तो घोडागाडीसोबत धावायचा. ब्रिटनमध्ये तो युटिलिटीत, एफसीआयमध्ये मात्र वासाने माग काढणाऱ्यांच्या पंगतीला. पामेरियनला ब्रिटनमध्ये मांडीवरचा म्हणतात, तर एफसीआय त्याला स्पिट्झ कुळात, बर्फाळ प्रदेशातल्या ओढकाम करणाऱ्या कुत्र्यांच्या नात्यात बसवते. कुत्रा तोच, सीमा ओलांडली की पंगत बदलते. आणि आपल्याकडे घरोघर 'पामेरियन' म्हणून जो वाढला तो बहुतेक वेळा थोडा मोठा इंडियन स्पिट्झ असतो, ही त्यातली आणखी एक गंमत.

आता प्रत्यक्ष निवाडा कसा होतो? टीव्हीवर असे प्रदर्शन पाहताना घरातली मुले हमखास विचारतात, "एवढ्या मोठ्या ग्रेट डेनची त्या एवढ्याशा चिवावाशी बरोबरी कशी करतात?" उत्तर असे की ती करतच नाहीत. आधी एकाच जातीच्या कुत्र्यांत, नर वेगळे, माद्या वेगळ्या, वयाप्रमाणे वर्ग पडतात. त्यांतून नर आणि मादी निवडतात, त्या दोघांतून जातीचा विजेता. सगळे जातविजेते आपापल्या गटात उतरतात आणि गटांचे विजेते शेवटच्या फेरीत. त्यांतला एक 'बेस्ट इन शो'. बिस्किटांच्या कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स क्रफ्ट यांनी 1886 मध्ये टेरियरांचे प्रदर्शन भरवले. 1891 पासून ते त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या क्रफ्ट्स प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ कुत्र्याचा हा मान प्रथम 1928 साली दिला गेला, एका ग्रेहाउंड मादीला.

परीक्षकाचे काम पाहण्यासारखे असते. कुत्र्याला धरणाऱ्याच्या दंडावर फक्त क्रमांक. कुत्र्याचे नाव, मालकाचे नाव परीक्षकाला माहीत नसावे अशी अपेक्षा. आधी सगळ्यांना गोल फिरवतात. मग एकेक पुढे येतो, लहान असेल तर टेबलावर. परीक्षक दात पाहतो, खांद्यावरून, बरगड्यांवरून हात फिरवतो, दाट केसांखाली हाड कसे आहे ते बोटांनी चाचपतो. नंतर कुत्र्याला सरळ पळवून आणि परत आणून चाल पाहतो. हे सगळे चालू असताना तो त्याची तुलना शेजारच्या कुत्र्याशी नव्हे, तर मनातल्या एका कुत्र्याशी करत असतो. तो कुत्रा कागदावर लिहिलेला आहे आणि जगात कुठेही जन्मलेला नाही. ग्रेट डेन आपल्या कागदाच्या किती जवळ आणि चिवावा आपल्या कागदाच्या किती जवळ, एवढाच प्रश्न.

मी गझल लिहिणारा माणूस. कविता तपासायला बसलो की वृत्त, रदीफ, काफिया पाहावेच लागतात. ते मोजता येतात म्हणून बरेही वाटते. पण सगळ्या मात्रा जागेवर असलेली आणि तरी श्वास नसलेली गझल मी शेकड्यांनी वाचली आहे. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र 'श्वास नसलेली' हा अलंकार राहिला नाही. ते अक्षरशः घडले.

इंग्लंडात बुलडॉगला बैलावर सोडण्याचा खेळ होता. बैलाचे नाक पकडून लोंबकळत राहायचे. 1835 च्या कायद्याने हा क्रूर खेळ बंद झाला, हे चांगलेच झाले. पण बुलडॉगचे काम गेले. उरले ते रूप. 1865 मध्ये त्याचे मानक लिहिले गेले, 1875 मध्ये त्याचा स्वतंत्र क्लब निघाला. रुंद डोके, आखूड तोंड, मागे सरकलेले नाक ही त्याची ओळख ठरली. जे ओळख ठरते ते अधिक असले की बक्षीस मिळते, आणि बक्षीस मिळालेल्याचीच पिल्ले लोकांना हवी असतात. प्रत्येक परीक्षकाने थोडासा अधिक आखूड तोंडाचा कुत्रा निवडला आणि पिढ्यांमागून पिढ्या नाक चपटे होत गेले. बैलाशी झुंजणाऱ्याचा वंशज जिना चढताना धापा टाकू लागला. डोके एवढे मोठे झाले की बहुतेक पिल्ले आज शस्त्रक्रिया करूनच जन्माला येतात. यात दुष्ट असे कोणीच नव्हते. उलट सगळे कुत्र्यांवर प्रेम करणारे होते. त्यांनी फक्त कागद अधिकाधिक निष्ठेने पाळला.

ऑगस्ट 2008 मध्ये बीबीसीने 'पेडिग्री डॉग्ज एक्सपोज्ड' हा माहितीपट दाखवला. कवटी मेंदूला अपुरी पडल्यामुळे वेदनेने कळवळणारे छोटे स्पॅनियल लोकांनी पाहिले आणि खळबळ माजली. 2009 साली बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले. केनेल क्लबने मानके तपासली, बदलली. बाप-लेक, आई-मुलगा, सख्खी भावंडे यांच्या संकरातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. श्वासाचा त्रास दिसणे हा बुलडॉगमध्ये मोठा दोष आहे, असे त्याच्या मानकातच लिहिले गेले. 2012 च्या क्रफ्ट्समध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांना पशुवैद्याची तपासणी सक्तीची झाली. सहा जण अपात्र ठरले. परीक्षकाने पहिले ठरवलेले बुलडॉग आणि पेकिनीज त्या सहांत होते. दोन-तीन शतकी परंपरांचा अभिमान असलेल्या देशात ही साधी गोष्ट नव्हती. कागदापेक्षा कुत्रा मोठा, हे तिथे अधिकृतपणे मान्य होऊ लागले.

पण मानक म्हटले की ते बाधतेच असेही नाही. आमच्या घरात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती, तरी शिकारी कुत्र्याचा विषय निघाला की आजोबांचा स्वर बदलायचा. शिकवलेल्या शिकारी कुत्र्याने धरून आणलेली शिकार कुरआनानेही चालवून घेतली आहे. अरबस्तानातले बदाऊ ज्याला इतर कुत्र्यांहून वेगळा, खानदानी मानतात तो सलुकी. फ्लॉरेन्स अॅमहर्स्ट या बाईंनी 1895 मध्ये सलुकी इंग्लंडात आणले आणि 1923 मध्ये केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. त्याचे मानक लिहिताना टोळ्याटोळ्यांतले कुत्रे वेगवेगळे असतात हे ध्यानात ठेवले गेले. म्हणून नराची उंची 23 ते 28 इंच, एवढी ऐसपैस मुभा आहे. रंगही अनेक चालतात. हा कुत्रा काम करत होता, धावत होता, अशा काळात त्याचा कागद लिहिला गेला. कागदाने त्याला धावू दिले.

आता पुन्हा आपल्या कारवानीकडे येऊ. कारवान म्हणजे तांडा. तांड्यांबरोबर दख्खनमध्ये आला म्हणून कारवानी, असे सांगतात. तोही सलुकीसारखाच नजरेने शिकार हेरणारा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली. त्यांनी एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली अशीही हकीकत आहे. त्यामुळे आज केनेल क्लब ऑफ इंडिया याला 'कॅराव्हॅन हाउंड' म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड'. एका नावात भटके आहेत, दुसऱ्यात राजा आहे. 2005 साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. अलीकडच्या वर्षांत कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ यांची देशी जाती म्हणून नोंद केली आहे.

हे व्हायलाच हवे होते. नोंद नसलेली गोष्ट आपल्याकडे फार दिवस टिकत नाही. पण न्यूकॅसलच्या बंदुकांपासून क्रफ्ट्समधल्या पशुवैद्यापर्यंतचा रस्ता दुसऱ्यांनी चालून दाखवला आहे. तो सगळा आपण पुन्हा चालायची गरज नाही. कारवानी जेव्हा पुष्कळशा रिंगणांत दिसू लागेल, तेव्हा कोणी म्हणेल, कंबर आणखी बारीक हवी, तोंड आणखी लांब हवे. त्या वेळी परीक्षकाच्या टेबलाजवळ एक खुर्ची त्या धनगरासाठी ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. कागद वाचता येणारे खूप मिळतील. कुत्रं समोर हाय, हे सांगणारा एखादाच असतो.