अहिल्याबाईंचे दोन बाप

सटाण्याहून देवळा ओलांडून चांदवडला गेलं की होळकरांचा रंगमहाल लागतो. आम्ही कसमादे पट्ट्यातली माणसं अहिल्याबाईंचं नाव घेतो ते घाट, मंदिरं, बारवा यांच्यासाठी. मला मात्र तिथं त्यांचे दोन बाप आठवतात.

पहिले माणकोजी शिंदे, चौंडीचे पाटील. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा. खेड्यातल्या मुलीला अक्षरओळख करून देण्याची तेव्हा रीत नव्हती. माणकोजींनी लेकीला लिहा-वाचायला शिकवलं. दुसरे सासरे मल्हारराव. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडले, अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना अडवलं. अडवून कोपऱ्यात बसवलं नाही, हे मला जास्त मोठं वाटतं. १७६५ च्या एका पत्रात ते सुनेला चंबळ उतरून ग्वाल्हेरला जायला सांगतात. मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याची तजवीज कर, असं बजावतात. पुढच्या वर्षी मल्हारराव गेले, १७६७ मध्ये अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही गेला. तिथून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य सांभाळलं. कारभाराचा हात आधीच बसलेला होता.

माझे वडील, अण्णा, कांदा पिकवायचे. सटाण्याच्या बाजार समितीत लिलाव होऊन वजन झालं की हिशोबपट्टी यायची. अण्णा ती थेट माझ्या हातात द्यायचे. मी सातवीत. क्विंटलला भावानं गुणायचं, हमाली, तोलाई, वाराई वजा करायची. भोवती बाप्ये उभे असायचे, आणि अण्णा सगळ्यांदेखत विचारायचे, "कितला पैसा व्हयनात, माय?" मी सांगेन तो आकडा धरूनच ते नोटा मोजून घ्यायचे. आज माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. घाऊक व्यापाऱ्यापुढे भाव बोलताना माझा आवाज कापत नाही, तो त्या गर्दीत घडला. लाड पुष्कळ बाप करतात. लेकीच्या शब्दावर व्यवहार करणारे थोडे.

वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतका वाटा राज्यात १९९४ च्या कायद्यानं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. तरी बाप गेला की बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला नेलं जातं, आणि माहेर तुटू नये म्हणून त्या करतात. बापांनो, लेकीच्या हाती हिशोब द्या, आणि तुम्ही धडधाकट आहात तोवरच सातबाऱ्यावर तिचं नाव लावा.