बंदुकीचा कायदा आणि मुंगेरचा कारागीर

हत्यारांच्या कायद्याची चर्चा निघाली की आपल्याकडे दोनच पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, हत्यार बाळगणे हा नागरिकाचा हक्क. दुसरा म्हणतो, शांतता ही राज्याची जबाबदारी. या वादात तिसरा माणूस कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे बंदूक घडविणारा. कायद्याच्या एका कलमाने त्याचे गिऱ्हाईक ठरते, त्याच्या भट्टीचा विस्तव ठरतो, आणि त्याच्या घरची चूलही ठरते. आज आपण त्याच्या बाजूने हा इतिहास पाहू.

बिहारात गंगेच्या काठी मुंगेर हे गाव आहे. बंगालचा नवाब मीर कासीम याने मुर्शिदाबादेहून आपली राजधानी येथे आणली आणि गुरगीन खान या आर्मेनियन सरदाराच्या देखरेखीखाली तोफा-बंदुका पाडण्यास आरंभ केला. १७६३ साली इंग्रजांनी मुंगेर घेतले. नवाब गेला, पण लोहार राहिले. राजा बदलला म्हणून हातातले कसब कोणी काढून घेत नाही. १८४८ साली तेथून गेलेला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याने या गावाची तुलना बर्मिंगहॅमशी केली, ती तेथील बंदुकांमुळेच. पुढे १८६२ साली शेजारच्या जमालपुरास रेल्वेचा मोठा कारखाना निघाला. ती जागा निवडण्याचे एक कारण मुंगेरचे तयार कारागीर हेही होते, असे सांगतात.

१८५७ च्या उठावानंतर सरकारने लोकांची हत्यारे काढून घेण्याचे धोरण धरले. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा आला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. हत्यार करणे, विकणे, बाळगणे या साऱ्यांस परवाना लागू लागला. युरोपियनांना मात्र सूट होती. राष्ट्रसभेने या भेदावर वर्षानुवर्षे टीका केली, आणि ती योग्यच होती. परंतु त्यातली बाजाराची बाजू पाहा. ज्याला परवान्याची कटकट नव्हती तो साहेब बहुधा विलायती बंदूक पसंत करी. ज्याला देशी बंदूक परवडे त्या शेतकऱ्याला कचेरीत हेलपाटे पडत. कारखान्याला टाळे न लावताही त्याचे गिऱ्हाईक कसे तोडता येते, हे येथे दिसते.

स्वराज्य आले. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने १७ उद्योग राज्याच्या हाती राखून ठेवले. त्या यादीत पहिले नाव शस्त्रास्त्रांचे. नवा हत्यार कायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. युरोपियनांची सूट इतिहासजमा झालेली होती. परवाना मात्र कायम राहिला. मुंगेरच्या तिसांहून अधिक लहान कारखानदारांना ठरावीक संख्येपुरत्या एकनळी व दुनळी बंदुका करण्याची मुभा मिळाली. येथे अर्थशास्त्र अगदी साधे आहे. परवाना निघाला तर बंदूक विकली जाणार. परवान्याचे अर्ज पडून राहिले तर नळी घासणारा, चाप बसविणारा, लाकडी दस्ता घडविणारा, असे सारेच हात जोडून बसणार. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. म्हणजे मागणी आणखी आखडली.

मग हे कसब जाते कोठे? काही रेल्वेत गेले, काही लेथवर गेले. काही अंधारात गेले. बेकायदा पिस्तुलांच्या बातम्यांत मुंगेरचे नाव आज वारंवार येते. बेकायदा हत्यार करणाऱ्यास २०१९ पासून किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पकडला जातो तो बहुधा कानस चालविणारा. माल उचलणारा दलाल चार गावे पलीकडे असतो.

हत्यारे मोकळी करा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. गोळीने मरतो तोही बहुतेक गरीबच असतो. आमचे म्हणणे हिशेबाचे आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली. सरकारने कायदा कडक केला आणि सहा लाखांहून अधिक बंदुका दाम देऊन परत घेतल्या. त्यासाठी लोकांच्या आरोग्यपट्टीत एका वर्षापुरती ०.२ टक्के वाढ केली. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ मुले आणि त्यांची शिक्षिका बळी पडली. ब्रिटनने १९९७ मध्ये पिस्तुले बंद केली. जमा केलेल्या हत्यारांची भरपाई दिली. बुडालेल्या धंद्याची मात्र दिली नाही. एक विक्रेता त्यासाठी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला; २००० साली त्याचा अर्ज फेटाळला गेला.

वस्तूची किंमत देणे सोपे असते. कसबाची किंमत कोणत्याच सरकारने अजून नीट मोजलेली नाही. आमच्या मुंगेरकराला तर वस्तूचीही मिळाली नाही, कारण त्याचा धंदा एका दिवशी बंद केलाच नव्हता. तो परवान्यागणिक आटत गेला. सार्वजनिक शांततेसाठी एखादा धंदा आवळायचा असेल तर जरूर आवळावा. पण शांतता साऱ्यांची असेल तर तिचा खर्चही साऱ्यांनी उचलावा. ज्या हाताला नळी सरळ करता येते त्याला यंत्राचे सुटे भाग करता येतात. त्यासाठी भांडवल, ऑर्डर आणि शिक्षण हवे. कायद्याच्या मसुद्याबरोबरच ही तरतूद मांडा, एवढी मागणी आपण नागरिक म्हणून करू शकतो. ती केली नाही, तर त्या कारागिराच्या दारात दलाल आपल्याआधी पोहोचेल.