संघ, जमात आणि इमान

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला जुने नाशिककर आजही गोल्फ क्लब मैदान म्हणूनच ओळखतात. या मैदानावर काय किंवा मालेगाव-मनमाडच्या मैदानांवर काय, हौशी क्रिकेटचा एक वाद कधीच मिटत नाही. ज्या क्लबाने पोराला हाताशी धरून शिकवले, मॅटिंग अंथरून दिले, पहिली बॅट हातात ठेवली, तोच पोरगा दोन हंगाम चमकला की दुसऱ्या क्लबात जातो. मग मैदानाच्या कडेला बोलणी सुरू होतात. कुणी म्हणतो 'फुटला', कुणी म्हणतो 'विकला गेला'. पोराच्या घरचे म्हणतात, 'क्लबाने काय त्याला लिहून घेतलाय?'

हे शब्द राजकारणातून आलेले आहेत आणि त्यांच्यामागे एक गृहीत आहे. पूर्वीचे खेळाडू निष्ठावान होते, आजचे पैशामागे धावतात, असे ते गृहीत. ते कितपत खरे आहे हे इतिहासात जाऊन तपासायला हवे. आपल्याला तर जास्तच हवे, कारण 'तू कोणाच्या बाजूचा?' हा प्रश्न या देशात मुसलमानाला मैदानाबाहेरही विचारला जातो. संघ बदलणे आणि इमान बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण स्वतः नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या भागातल्या क्रिकेटचा उगम मुंबईत आहे आणि मुंबईचे सुरुवातीचे क्लब जातीजमातींचे होते. पारशांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब 1848 सालचा. पुढे हिंदूंचे क्लब निघाले, तेही बहुधा एकेका ज्ञातीचे. मुसलमानांचा क्लब 1883 च्या सुमारास उभा राहिला आणि पुढे इस्लाम जिमखाना झाला. सामनेही याच हिशेबाने होत. 1892 पासून युरोपियन विरुद्ध पारशी, 1907 मध्ये त्यात हिंदू आले, 1912 मध्ये मुस्लिम संघ आला आणि चौरंगी स्पर्धा झाली. 1937 मध्ये ख्रिस्ती आणि इतरांचा 'रेस्ट' हा पाचवा संघ आल्यावर ती पंचरंगी झाली.

या स्पर्धेत संघ बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तुमचा संघ तुमच्या जन्माबरोबर ठरलेला. ज्याला आपण जुन्या काळची निष्ठा म्हणतो, तिला दुसरा दरवाजाच नव्हता. मग तिला निष्ठा म्हणायचे की नाइलाज?

याचा अर्थ त्या क्रिकेटमध्ये जीव नव्हता असा नाही. मुस्लिम संघाने 1924 मध्ये पहिल्यांदा चौरंगी जिंकली, 1934 आणि 1935 मध्ये लागोपाठ जिंकली. 1944 च्या पंचरंगीच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध मुस्लिम संघ अवघ्या एका गड्याने जिंकला आणि के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत शतक करून नाबाद राहिले. तो सामना पाहायला सर्व धर्मांचे लोक लोटले होते. तरीही महात्मा गांधींनी 1940 च्या डिसेंबरात धर्मावर आधारलेल्या संघांविषयी नापसंती व्यक्त केली होती, ती योग्यच होती. 1946 मध्ये ही स्पर्धा बंद झाली.

जन्माने मिळालेला संघ खेळाडूला कसा वागवतो, याचे उदाहरण बाळू पालवणकर यांचे. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात आधी पारशांच्या क्लबात मैदानाची झाडलोट करत होता. मग युरोपियनांच्या क्लबात नेटमध्ये गोलंदाजी करू लागला. तिथून पुण्याच्या हिंदू संघात गेला आणि 1896 च्या सुमारास मुंबईला जाऊन परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी चार ठिकाणे बदलली. पण प्रत्येक ठिकाण सोडताना त्यांना आधीच्यापेक्षा थोडी अधिक जागा मिळत गेली. पुण्याच्या हिंदू संघात त्यांच्या चेंडूला सोवळे नव्हते, पण त्यांचा चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1923 मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले. बाळूंनी पहिल्याच क्लबाशी 'निष्ठा' राखली असती तर ते जन्मभर खेळपट्टीवर झाडू मारत राहिले असते. पायरी ज्याच्या वाट्याला खालची येते, त्याच्यासाठी जागा बदलणे हीच मुक्तीची वाट असते.

धर्माच्या संघांशेजारी 1934 पासून प्रांतांची रणजी स्पर्धा सुरू झाली आणि खेळाडूला दुसरा दरवाजा मिळाला. तो उघडला संस्थानिकांच्या नोकरीने. बडोदे, होळकर, नवानगर या दरबारांनी चांगले खेळाडू चाकरीत घेतले. क्रिकेट हौशीच राहिले, पण खेळाडूच्या घरची चूल दरबारच्या पगारावर पेटू लागली. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांचे उदाहरण बोलके आहे. 1939-40 च्या हंगामात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. पुढे दोन वर्षांत ते त्याच बडोद्याच्या संघात दाखल झाले आणि जवळजवळ वीस वर्षे बडोद्याचेच राहिले. महाराष्ट्राने त्यांना बेइमान ठरवले नाही.

मार्च 1947 मध्ये बडोद्यात रणजीचा अंतिम सामना झाला, होळकर संघाविरुद्ध. हजारे यांनी 288 आणि गुल महंमद यांनी 319 धावा केल्या. दोघांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागी केली. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधली कोणत्याही गड्यासाठीची ही सर्वांत मोठी भागी 2006 पर्यंत, म्हणजे 59 वर्षे टिकली. एक मराठी ख्रिस्ती आणि एक लाहोरचा मुसलमान. पंचरंगीत एक 'रेस्ट'कडून खेळायचा, दुसरा मुस्लिम संघाकडून. जन्माच्या संघात ते कधीच जोडीदार झाले नसते. दोघेही आपापला मुलूख सोडून बडोद्याला आले, म्हणून ती भागी झाली.

आणि पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. आता संघ बदलणे म्हणजे देश बदलणे झाले. बडोद्याकडूनच खेळणारे अमीर इलाही भारताकडून एक कसोटी खेळले आणि 1952-53 मध्ये पाकिस्तानच्या संघातून भारतात खेळायला आले. गुल महंमद भारताकडून आठ कसोटी खेळले, मग 1956 मध्ये पाकिस्तानकडून एक. के. सी. इब्राहिम यांनी 1948-49 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसाठी 219 धावा केल्या. नंतर ते कराचीला स्थायिक झाले आणि 2007 मध्ये तिथेच वारले. उलट मुस्लिम संघाचे आणि होळकरांचे लाडके मुश्ताक अली इंदूरलाच राहिले आणि 2005 मध्ये त्याच मातीत गेले. हैदराबादचे गुलाम अहमद इथेच राहून भारताचे कर्णधार झाले.

कोण गेले, कोण राहिले, याची वही घेऊन बसणे सोपे आहे. पण जाणाऱ्यांपैकी कोणाचे घरदार पलीकडे होते, कोणाला रोजगाराची चिंता होती, हे त्या वहीत लिहिले जात नाही. जे गेले त्यांचा हिशेब राहिलेल्यांच्या नातवंडांकडे मागणे हा तर अन्यायच. इब्राहिम मुंबईच्या संघात होते तोवर मुंबईसाठीच खेळले. खेळाडूचे इमान याहून वेगळे मोजता येत नाही.

फाळणीनंतर मुंबईच्या क्लब क्रिकेटने एक चांगली गोष्ट केली. 1948 मध्ये पावसाळी कांगा लीग सुरू झाली आणि धर्माचे नाव धारण करणाऱ्या जिमखान्यांची दारे हळूहळू सर्वांना उघडली. सूर्यकुमार यादव हे पारशी नसूनही पारशी जिमखान्याचे खेळाडू आहेत, याचे आज कुणाला नवल वाटत नाही. त्याच वेळी बँका आणि कंपन्यांच्या संघांमुळे नोकरी जिथे, तिकडचा संघ, हा नवा रिवाज रुजला. मध्यमवर्गीय आणि गरीब घरच्या खेळाडूंना त्याने पोटाची हमी दिली.

आता आपल्या परिसराकडे येऊ. महाराष्ट्र राज्य एक, पण क्रिकेटच्या संघटना तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नाशिक महाराष्ट्र संघटनेत येते. कसारा घाट उतरला की संघटना बदलते. त्यामुळे नाशिक-नगरच्या गुणी पोरासमोर पुणे की मुंबई हा प्रश्न उभा राहतोच. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचे झहीर खान सतराव्या वर्षी मुंबईला गेले आणि सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात खेळले. रणजी पदार्पण मात्र बडोद्याकडून झाले आणि 2000-01 मध्ये त्यांच्या गोलंदाजीवर बडोद्याने रणजी करंडक जिंकला. 2006-07 मध्ये ते मुंबईकडे आले, त्या वर्षी मुंबईने करंडक जिंकला. महाराष्ट्राच्या रणजी संघातून ते कधी खेळलेच नाहीत. तरी 2011 च्या विश्वचषकात त्यांनी 21 बळी घेतले तेव्हा श्रीरामपूरने ते आपलेच मानले.

विदर्भाची कहाणी तर या विषयाचा धडाच आहे. मुंबईचे वसीम जाफर, बेस्टच्या बसचालकाचा मुलगा, मुंबईसाठी आठ रणजी अंतिम सामने जिंकून 2015 मध्ये विदर्भाकडे गेले. एका हंगामात दुखापतीमुळे त्यांना खेळता आले नाही, पण संघटनेने कराराचे पैसे पूर्ण दिले. पुढच्या हंगामात, 2017-18 मध्ये, ते मानधन न घेता खेळले. त्याच वर्षी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली आणि विजयी धावा जाफर यांच्याच बॅटमधून निघाल्या. त्या संघाचे कर्णधार नागपूरचे फैज फजल. तेही मध्यंतरी रेल्वेच्या संघात गेले होते आणि परत आले होते. एक बाहेरून आलेला, एक जाऊन परतलेला. दोघांनाही 'फुटला' म्हणता आले असते. पण विदर्भाला करंडक मिळाला तो याच दोघांच्या साथीने.

यावरून क्लबाचे काहीच देणे लागत नाही, असा अर्थ कुणी काढू नये. नाशिकसारख्या शहरात क्लब चालवणारे लोक नोकरी-धंदा सांभाळून सकाळी सहाला मैदानावर येतात. खिशातून चेंडू आणतात. त्यांचे ऋण खरे आहे. पण ते खेळाडूला बांधून ठेवून फिटत नाही. दुसऱ्या संघटनेकडून खेळायचे तर आपल्या संघटनेचे ना-हरकत पत्र लागते. तेवढा एक कागद अडवून धरणे, पोराचा एक हंगाम वाया घालवणे, याला निष्ठा मिळवणे म्हणत नाहीत. विशीतल्या खेळाडूच्या आयुष्यात हंगाम मोजकेच असतात. उलट खेळाडूनेही हंगामाच्या मध्यात, उपांत्य फेरीच्या तोंडावर निघून जाऊ नये. सांगून जावे, सलाम करून जावे, आणि जिथे जाईल तिथे पहिल्या क्लबाचे नाव घ्यायला लाजू नये.

2023 पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्स हा संघ नाशिकच्या नावाने उतरला. अशा लीगमध्ये खेळाडू बोलीने ठरतात. संघावर शहराचे नाव असले तरी खेळणारा त्या शहराचाच असेल असे नाही. जानेवारी 2025 मध्ये आपल्याच मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवले. ज्या बडोद्याने सांगलीच्या हजारेंना आणि श्रीरामपूरच्या झहीरना जागा दिली, तोच हा बडोदा.

जन्माने बांधलेला संघ आपल्या आजोबांनी पाहिला. त्यात जल्लोष होता, पण निवड नव्हती. आज निवड आहे. ज्याला जाता येते आणि तरी जो थांबतो, त्याच्याच थांबण्याला निष्ठा म्हणता येईल. आणि जो जातो, त्याने जिथे जाईल तिथे शेवटच्या चेंडूपर्यंत प्रामाणिक खेळ केला, तर त्याच्या इमानाबद्दल विचारण्याचा अधिकार ना क्लबाला आहे, ना जमातीला, ना आणखी कुणाला.