जुन्या मिलिंग मशीनला दोन ॲक्सिसचं सीएनसी : काय बदलावं लागतं, काय तसंच राहतं

बेळगावचं उद्यमबाग असो, वडोदऱ्याचं मकरपुरा असो की हैदराबादचं बालानगर, जॉबवर्कच्या छोट्या शेडमध्ये हाताने चालणारं एखादं मिलिंग मशीन दिसतंच. मशीन धडधाकट असतं, पण ऑर्डर देणारा विचारतो, ‘सीएनसी आहे का?’ नवीन व्हीएमसी घ्यायचं तर दर महिन्याला कर्जाचा हप्ता उभा. मग रेट्रोफिटचा विषय निघतो. म्हणजे आहे त्याच मशीनच्या टेबलाला मोटारी आणि कंट्रोलर जोडायचे.

यात कमीपणा वाटायचं कारण नाही. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने पहिलं न्यूमेरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन चालवून दाखवलं, तेही सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल मशीनवर नवा कंट्रोल बसवूनच.

दोन ॲक्सिस म्हणजे एक्स आणि वाय. टेबल डावी-उजवीकडे आणि सॅडल आत-बाहेर, या दोन चाली कंट्रोलर सांभाळतो. झेड, म्हणजे कटरची खोली, ऑपरेटरच्या हातातच राहते. तो क्विल खाली घेतो, लॉक करतो आणि स्टार्ट दाबतो. खोली बदलायची तिथे प्रोग्रॅममध्ये एम०० टाकून मशीन थांबवायचं. स्लॉट, बाहेरचा प्रोफाइल, सरळ पॉकेट, पीसीडीवरची भोकं ही कामं यात छान बसतात. डायचा वळणदार पृष्ठभाग यावर निघणार नाही. आणि तुमचं काम बहुतेक भोकं पाडण्याचंच असेल, तर आधी डीआरओ बसवून बघा. खर्च बराच कमी येतो.

खरी अडचण स्क्रूची आहे. जुन्या मशीनला ट्रॅपेझॉइडल किंवा ॲक्मे स्क्रू आणि पितळी नट असतो. नट झिजला की हँडव्हील उलटं फिरवल्यावर थोडं अंतर टेबल हलतच नाही, तो बॅकलॅश. झिजलेल्या मशीनवर पाव मिलिमीटर प्ले सापडला तर नवल नाही. मुरलेला कारागीर नेहमी एकाच बाजूने येऊन तो प्ले काढून घेतो. मोटारीला ती समज नसते. मी पाहिलेल्या एका शेडमध्ये खर्च वाचवायला जुन्याच स्क्रूवर मोटारी चढवल्या होत्या. गोल कापला, तर घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी पायऱ्या उमटलेल्या. गोल फिरताना नेमक्या याच चार ठिकाणी एक्स किंवा वायची दिशा उलटते. माल परत आला.

कंट्रोलरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन असतं, ते टाकलं की झालं, असं विकणारे सांगतात. भोकांच्या जागा त्याने बऱ्यापैकी जमतात. पण क्लाइम्ब मिलिंगमध्ये कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो. नट सैल असेल तर टेबल झटक्यात पुढे जातं आणि कटर मोडतो. तिथे सॉफ्टवेअर काय करणार?

म्हणून बॉल स्क्रू, आणि त्याच्या टोकाला अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगची जोडी. इथे दोन गोष्टी आधी मोजून घ्याव्यात. बॉल नट जाड असतो, त्यामुळे सॅडलमध्ये जागा करण्यासाठी कास्टिंग कापावं लागू शकतं. दुसरं, बॉल स्क्रू स्वतःहून अडून बसत नाही. मोटारीचा करंट बंद असताना कटरच्या जोराने टेबल सरकू शकतं, तेव्हा हाताने काम करताना टेबल लॉक करायला विसरू नये. स्लाइड मध्येच झिजलेल्या असतील तर आधी स्क्रॅपिंग आणि गिब जुळवणी, मग बाकीचं.

मोटारीत स्टेपर स्वस्त. साध्या स्टेपरला एका फेऱ्यात २०० स्टेप. ड्राइव्हवर दहा भाग केले तर २००० पल्स, आणि ५ मिमी पिचच्या स्क्रूवर एका पल्सला २.५ मायक्रॉन. कागदावर आकडा सुंदर दिसतो, पण ती अचूकता नव्हे. वेग वाढला की स्टेपरचा जोर घटतो. एखादी स्टेप चुकली तर साध्या स्टेपरच्या कंट्रोलरला ते कळत नाही, जॉब बिघडल्यावरच दिसतं. सर्व्होला एन्कोडर असतो, चूक मर्यादेबाहेर गेली की अलार्म देऊन थांबतो. रोज आठ तास चालणाऱ्या मशीनला सर्व्होच घ्यावा, असं माझं मत. कंट्रोलरसाठी लिनक्ससीएनसी फुकट मिळतं, पण रात्री मशीन अडलं तर येणारा माणूस कोण, हे आधी विचारा.

एक्स आणि वायची हँडव्हील काढून टाका किंवा क्लचने सुटी होतील अशी ठेवा. जलद चालीत फिरणारा दांडा मनगट मोडू शकतो. लिमिट स्विच दोन्ही टोकांना हवेत, आणि इमर्जन्सी स्टॉपने ड्राइव्हची पॉवरच तुटली पाहिजे. बॉल स्क्रूवर बुरा पडू नये म्हणून कव्हर लावा.

हिशेबात मोटारी आणि कंट्रोलरच नाही, तर मशीन उघडून पडल्यावर बुडणारे दिवसही धरा. तो आकडा कोटेशनमध्ये नसतो. वीस वर्षं हँडव्हील फिरवलेल्या ऑपरेटरला बाजूला सारू नका. फीड किती, जॉब कुठे धरायचा हे त्यालाच कळतं, आणि जी०१, जी०२, जी०३ सरावाने येतात.

शेवटचा हप्ता देण्याआधी ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर १०० मिमीचा गोल कापून घ्या, एकदा घड्याळाच्या दिशेने, एकदा उलट. चार दिशांनी व्यास मोजा, कडेवर डायल फिरवा आणि आकडे बिलावरच लिहून सही घ्या.