माती आणि गादी

किनवटच्या श्रोत्यांना कुस्ती म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. आपल्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा कुस्त्यांची दंगल पाहायला गावेच्या गावे लोटतात. आखाड्यातली माती ही शेतातली माती नव्हे. ती चाळतात, तीत तेल, ताक, हळद कालवतात. अशा मातीत पाय रुततो, पकड बसते, आणि दमाचा मल्ल प्रतिस्पर्ध्याला झुंजवीत थकवतो. पाठ टेकली की कुस्ती सुटली. तो निकाल पंचांना दिसतो, तसाच दूर बसलेल्या शेतकऱ्यालाही दिसतो.

ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते. नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, पायांत बूट, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि प्रत्येक यशस्वी पकडीचे गुण, असा तिचा आजचा साचा आहे. गादीवर पाय रुतत नाही, म्हणून तेथे दमापेक्षा चपळाईला भाव अधिक. जमीन बदलली की खेळाडूच्या कोणत्या गुणाला किंमत यायची, हेही बदलते. खेळातील नव्या साधनांचा इतिहास आपण या दृष्टीने पाहिला पाहिजे.

१९४८ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकला गेले. त्या वेळी आपला मराठवाडा अजून निजामाच्या अंमलाखाली होता. १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन यायचा होता. खाशाबांना गादी नवी होती, नियमही नवे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे, लंडनचा अनुभव गाठीशी असताना, त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मात्र त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले होते. अंगी कसब होतेच. उणीव होती ती साधनांची, अनुभवाची आणि पैशाची.

हॉकीने हाच धडा अधिक कठोरपणे शिकविला. १९७५ साली भारताने क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला, तो गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम हिरवळ अंथरली गेली आणि आपण सातव्या स्थानी फेकले गेलो. १९२८ पासून ऑलिंपिक हॉकीतून आपण पदकावाचून परतलो नव्हतो. एका वर्षात खेळाडूंचे हात काही विसरले नव्हते. पायांखालची भूमी मात्र पालटली होती.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेने यावर तोड काढली. माती आणि गादी असे दोन विभाग केले, आणि दोन्हींचे विजेते अखेर एकमेकांशी भिडतात. ही तडजोड शहाणपणाची आहे. पण नवे साधन नवा वादही आणते. २०२५ साली अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या लढतीत खांदे टेकले की नाही यावरून वाद पेटला आणि चित्रफीत पुन्हा पाहण्याची मागणी झाली. ज्या निकालाला पूर्वी हजारो डोळ्यांची साक्ष पुरे होती, त्याला आता कॅमेऱ्याची साक्ष हवी झाली.

तो कॅमेरा आणि त्याचे चित्र आता खेड्यातल्या पोराच्या खिशातील मोबाईलवरही आले आहे. परदेशी मल्लाचा डाव तो त्याच रात्री पाहू शकतो. गादी मात्र अशी हवेतून येत नाही. तिला पैसा लागतो, वर छप्पर लागते, आणि तिच्यावर शिकविणारा वस्ताद लागतो. आजच्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पण त्यासाठी त्यांना कोल्हापूरची तालीम गाठावी लागली. प्रत्येकाच्या घरी मुलाला इतक्या दूर ठेवण्याची ऐपत नसते.

म्हणून माती की गादी, हा वाद मला निरर्थक वाटतो. माती मोडू नये. अंगाची पहिली घडण तिच्यातच होते, आणि ती गरिबालाही परवडते. परंतु निवड जर गादीवर होणार असेल, तर तिच्यावर पहिले पाऊल निवडीच्या दिवशीच टाकण्याची पाळी कोणाही मुलावर येता कामा नये. एरवी त्या दिवशी परीक्षा मुलाच्या बळाची होणार नाही. त्याचे गाव कोठे आहे, याचीच ती परीक्षा ठरेल. तालुक्याच्या गावी मारुतीच्या पारापासून जवळ एक गादी अंथरली गेली पाहिजे, आणि तो आग्रह आपण गावकऱ्यांनीच धरला पाहिजे.